व्ही८च्या घळीत अडकलेला सुपरचार्जर: सगळे बोल्ट काढले, तरी जागचा हलेना

रविवारचा_मेकॅनिक (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आज दुसरा रविवार आणि मी अजून तिथेच आहे.

गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार, पुढे व्ही८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'ती गाडी घ्यावीच कशाला' या दिशेला जातो, असा इथला अनुभव आहे. वय पंधरा वर्षांच्या पुढे. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप) रूट्स पद्धतीचा, म्हणजे आत दोन फिरते रोटर असलेला, सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या घळीत बसवलेला. त्याचं खालचं अंग म्हणजेच इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग), एकाच ओतकामात.

उचलायचा का, तर कूलंट हळूहळू कमी होत होतं. जमिनीवर एक थेंब नाही, पण लांबची चक्कर मारून आलो की बोनेटपाशी गोडसर वास यायचा. प्रेशर टेस्टर लावला तेव्हा कळलं की सुपरचार्जरच्या खाली, घळीत, पाण्याचं डबकं साठतंय. तिथून एक वीतभर रबरी होज जाते. ती बदलायला अर्धं इंजिन उघडायचं. ज्याने ही रचना केली त्याच्या हाताला कधी पाना लागला नसावा.

आत्तापर्यंत केलेलं: बॅटरी सोडली, फ्युएल रेलचं प्रेशर उतरवलं, इंजिनाचं आणि इंटरकूलरचं अशी दोन्ही पाणी वेगवेगळी काढली, बेल्ट, थ्रॉटल बॉडी, मागचा एल्बो, वरचं इंटरकूलरचं झाकण, वायरिंग, इंजेक्टरसकट रेल्स. आणि मुख्य दहा बोल्ट. पुठ्ठ्यावर सुपरचार्जरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवलाय, त्यामुळे मोजणीत चूक नाही.

परिस्थिती अशी: पुढचं, म्हणजे पुलीकडचं टोक दोन-तीन मिलिमीटर उचललं जातं. मागचं टोक वेल्डिंग केल्यासारखं घट्ट. ओढलं, डोलवलं, शिव्या दिल्या. शेवटी पुढच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घातला, ॲल्युमिनियमवर लगेच ओरखडा उठला, तेव्हा शहाणपण सुचलं आणि थांबलो.

पहार कुठे लावू? गरम करू का? की काही विसरतोय?

---

वेगवेडा

इंजिन हाताने फिरवून पाहिलंत का? बेअरिंग गेलं की रोटर घासून जाम होतात. माझ्या मित्राच्या गाडीत झालं होतं. नवाच घालावा लागला.

---

रविवारचा_मेकॅनिक

वेगवेडा, तसा जाम नाही हो. पुली बोटाने गरगर फिरते, रोटर मस्त आहेत. तो इंजिनावरून *उचलला* जात नाहीये. शीर्षक बदलावं लागणार बहुतेक.

---

गंजकाका

पहार लावू नका. कुठेच.

पुठ्ठ्यावर दहा बोल्ट आहेत हे कळलं. तुम्ही काढलेले बोल्ट मोजलेत. न काढलेले कसे मोजणार? मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला आरसा आणि टॉर्च घालून खालून बघा.

---

पाचर_आणि_मोगरी

काका नेहमीप्रमाणे घाबरवतात. ॲल्युमिनियमचं ओतकाम इतकं नाजूक नसतं. नायलॉनचा हातोडा घ्या, चारी बाजूंनी खालून वर टपल्या मारा, जुनी गॅस्केट चिकटलेली असते ती सोडते. मी तीन उचललेत असे. शेवटच्याला तर लाकडाची पाचर ठोकली, 'टक्' आवाज आला आणि वर.

---

अर्धवट_अभियंता

पाचरराव, चिकटलेली गॅस्केट एवढंच कारण असेल तर तुमचं बरोबर. पण एखादा बोल्ट राहिला असेल तर काय होतं, याचा हिशोब मांडतो.

आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट २५ न्यूटन-मीटरने आवळला तर तो किती जोराने दाबून धरतो? आवळण्याचा टॉर्क भागिले (०.२ गुणिले व्यास). म्हणजे २५ भागिले ०.००१६, साधारण १५,६०० न्यूटन. दीड टनापेक्षा जास्त वजन टांगल्यासारखं. ०.२ हा आकडा कोरड्या स्टीलच्या आट्यांसाठी ढोबळ आहे, तेल लागलं असेल तर दाब आणखी वाढतो. सहाचा बोल्ट १० न्यूटन-मीटरने आवळलेला असला तरी आठशे किलोच्या पुढे.

तुमची पहार, तुमचं वजन आणि तुमचा राग मिळून बोल्टच्या आधी ॲल्युमिनियमचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग) तोडतील. बोल्टचं काही वाकडं होणार नाही. त्यामुळे 'थोडा अजून जोर' या प्रश्नाचं उत्तर आधी हिशोबाने द्यावं. ३० किलोची वस्तू दोन माणसांनी ओढून हलत नसेल, तर तिला काहीतरी *धरून* आहे. काय धरलंय ते शोधेपर्यंत जोर वाढवण्यात अर्थ नाही.

---

पाचर_आणि_मोगरी

म्हणून तर हातोडा नायलॉनचा म्हणालो, घण नाही म्हणालो. बाकी हिशोब मान्य.

---

टर्बोप्रेमी

म्हणून मी म्हणतो टर्बो घ्या. (हलके घ्या.)

गंभीर सूचना: ब्लो टॉर्चने मागचे दोन कान तापवा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, आपोआप सुटेल.

---

पाना_घेऊन_उभी

ब्लो टॉर्च अजिबात नको! धागाकर्त्यांनी रेल्स काढल्यात, म्हणजे पेट्रोलच्या नळ्यांची तोंडं तिथेच वीतभर अंतरावर उघडी आहेत. प्रेशर उतरवलं तरी नळीत पेट्रोल उरतंच आणि त्याची वाफ घळीत खाली बसते, हवेपेक्षा जड असते. वर वायरिंगचं प्लॅस्टिक. ज्योत तर सोडाच, मी हीट गनसुद्धा लावणार नाही. तिची आतली तार लाल होते.

ऊब द्यायचीच असेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेली जाड फडकी कानांवर गुंडाळा, दर दोन मिनिटांनी बदला. दिसायला बावळट, पण चालतं.

रविवारचे मेकॅनिक, मागच्या भागाचा फोटो टाका ना. दोन्ही बाजूंनी, आणि एक आरशातला.

---

अर्धवट_अभियंता

ताईंना अनुमोदन. टर्बोप्रेमींचं तत्त्व बरोबर आहे, पण किती फरक पडतो तेही बघा. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील सुमारे १२. असे दोन भाग नेमक्या जागी बसावेत म्हणून मध्ये स्टीलची खुंटी असते, डॉवेल पिन. बारा मिलिमीटरच्या डॉवेलभोवतीचं भोक १०० अंशांनी तापवलं तर २८ मायक्रॉन मोठं होतं. पिनही तेवढीच तापली तर ती १४ ने वाढते. उरली फट १४ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा लहानसा हिस्सा. आत गंज भरला असेल तर एवढ्याने डॉवेल मोकळी होत नाही, फक्त गंज सैल करणाऱ्या तेलाला शिरायला वाट मिळते. म्हणून क्रम असा: ऊब, लगेच तेल, मग थांबा.

---

रविवारचा_मेकॅनिक

काका, साष्टांग नमस्कार.

आरसा घातला. डाव्या मागच्या कोपऱ्यात, वायरिंगच्या जाड गुच्छाच्या मागे, सुपरचार्जरच्या पोटापासून इंजिन ब्लॉकपर्यंत एक चपटी पट्टी आहे. तिला खालून वर घातलेला सहाचा बोल्ट, डोकं दहाच्या गोटीचं. वरून तो दिसूच शकत नाही. मी अकरा दिवस दहा बोल्टांवर अभिमानाने बसलो होतो.

काढायला दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट आणि पाऊण तास लागला. गोटी बोल्टवर बसली की नाही हे फक्त बोटाला कळत होतं. निघाला तेव्हा डावी मागची बाजू किंचित हलली. आनंदाने ओरडलो, घरातून कोणीतरी विचारलं काय लागलं म्हणून.

पण उजवी मागची बाजू अजून तशीच. आता बोल्ट नक्की नाहीत, आरशाने सगळीकडून पाहिलंय. फोटो टाकतोय. त्या कोपऱ्यात फटीतून पांढरट-हिरवट खरपुडी बाहेर आलीये.

---

गंजकाका

ती खरपुडी म्हणजे वाळलेलं कूलंट आणि ॲल्युमिनियमचा गंज. होज गळत होती ती त्याच कोपऱ्यात असणार. डॉवेल स्टीलची, भोक ॲल्युमिनियमचं, मध्ये वर्षानुवर्षं ओल. दोन वेगळे धातू ओलसर जागी एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि त्याचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. डॉवेल आवळली गेलीये.

आता एक विचित्र वाटेल असं सांगतो. पुढचं टोक उचललेलं आहे ना? ते परत खाली बसवा.

---

रविवारचा_मेकॅनिक

काका, दोन रविवार घालवून मिळवलेले ते तीन मिलिमीटर आहेत. परत खाली?

---

गंजकाका

टेबलाचा खण एकाच हाताने एका बाजूने ओढा. तिरका होतो, कोपऱ्यात रुततो, जितका ओढाल तितका घट्ट. मग काय करता? आत ढकलता, सरळ करता, आणि दोन्ही हातांनी ओढता.

डॉवेलचंही तेच. पुढून उचललात की मागची डॉवेल भोकात तिरकी होते आणि कडेला चावते. तुमचे ते तीन मिलिमीटर हीच अर्धी अडचण आहे. बसवा खाली, सपाट. हवं तर पुढचे दोन बोल्ट हाताने चार आटे लावा, म्हणजे ते टोक मोहाने वर येणार नाही. मग मागून सुरुवात.

---

पाना_घेऊन_उभी

फोटो मोठा करून पाहिला. मागच्या दोन्ही कानांच्या शेजारी एकेक लहान भोक दिसतंय, त्याला आटे आहेत. तुमच्या पुठ्ठ्यावर तिथे काही नाही. त्यात काही बसवलेलं होतं का?

---

रविवारचा_मेकॅनिक

नाही, रिकामीच होती. मातीने भरलेली. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या मॉडेलसाठी असतील.

---

पाना_घेऊन_उभी

ती तुमच्यासाठीच आहेत! उचलायची भोकं. त्यात लांब बोल्ट घालून आवळला की तो खालच्या सपाटीला टेकतो आणि वरचा भाग उचलतो. ज्याच्या हाताला पाना लागला नसावा म्हणालात, त्याने तुमची सोय करून ठेवलीये. 😄

फक्त तीन गोष्टी. आटे आधी साफ करा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून, जोर न लावता. बोल्टच्या टोकाखाली स्टीलची चकती ठेवा, नाहीतर तो खालच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये खड्डा पाडेल आणि नेमकी तीच जागा गॅस्केटची असेल. आणि दोन्ही बोल्ट पाव-पाव आटा, आळीपाळीने. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलंत तर पुन्हा तो टेबलाचा खण.

---

अर्धवट_अभियंता

मघाचं सूत्र इथे उलटं वापरता येतं. आठचा बोल्ट फक्त ५ न्यूटन-मीटरने फिरवला तरी ३,००० न्यूटनच्या वर, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास उचल देतो. दोन बोल्टांचे सहाशे. तेव्हा लांब दांड्याचा रॅचेट नको, छोटा घ्या. ८-१० न्यूटन-मीटरच्या पुढे जावं लागलं तर थांबा, तेल घाला, एक रात्र जाऊ द्या. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, तुटले तर ही सोयही गेली.

---

जुनी_चाकं

अवांतर आहे, पण राहवत नाही.

रूट्स बंधूंनी, फिलँडर आणि फ्रान्सिस, हे यंत्र मोटारीसाठी केलंच नव्हतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कॉनर्सव्हिल, पेटंट १८६० सालचं, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्या पंचवीस वर्षं आधी. पुढे भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला ते वापरलं गेलं. इंजिनात हवा कोंबायची कल्पना गॉटलीब डाइमलर यांच्या १८८५च्या पेटंटमध्ये दिसते, आणि मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या गाड्या मांडल्या.

आणि धागाकर्त्यांना जळवण्यासाठी: १९२९च्या ब्लोअर बेंटलेचा सुपरचार्जर कुठे होता? रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या नाकासमोर, क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडलेला. चहूबाजूंनी उघडा. आरसा नको, युनिव्हर्सल जॉइंट नको. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांना मात्र तो अजिबात पसंत नव्हता.

---

टर्बोप्रेमी

म्हणजे मी आणि बेंटलेसाहेब एका बाजूला. धागा वसूल.

---

रविवारचा_मेकॅनिक

निघाला!!

तपशील लिहितो, कारण मला शोधताना असा तपशील कुठेच सापडला नव्हता.

शुक्रवारी रात्री पुढचं टोक खाली बसवलं. लाकडाचा ठोकळा ठेवून तळहाताने दाबलं तर बसेना. पुढचे दोन बोल्ट लावून हलकेच आवळले तेव्हा 'कच्' आवाज करून सपाट बसलं. म्हणजे काका म्हणाले तसं ते खरंच तिरकं रुतलेलं होतं. मग गरम फडकी, वीस मिनिटं. हाताला चटके बसले, जाड हातमोजे घाला. गरम असतानाच उजव्या कोपऱ्याच्या फटीत तेल. शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी परत तेच.

आज सकाळी पुढचे बोल्ट काढले, मागच्या भोकांमध्ये टॅप फिरवला (मातीचा चांगला चिमूटभर ढीग निघाला), खाली चकत्या, आणि पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. पहिल्या दीड आट्यापर्यंत काहीच नाही, फक्त बोल्ट जड होत गेला. डोक्यात अभियंतासाहेबांचे सहाशे किलो. थांबलो, नायलॉनच्या हातोड्याने त्या कोपऱ्याशेजारी चार टपल्या मारल्या. (पाचरराव, तुमचाही वाटा आहे.) पुढच्या पाव आट्याला मोठ्ठा 'टक्'. मला वाटलं काहीतरी तुटलं. बघतो तर उजव्या बाजूला कागद जाईल एवढी फट.

त्यानंतर वीस मिनिटांत सगळा मोकळा. हाताने उचलला नाही. इंजिन क्रेनला पट्टा लावून सरळ वर घेतला, भाऊ बाजूने धरायला. फेंडरवर वाकून ३० किलो काढायचा विचार कोणी करत असेल तर करू नका. कंबर जाते ती जातेच, आणि वाटेत हात सुटला तर तो रोटरवर पडेल.

उजवी डॉवेल पांढऱ्या भुकटीने माखलेली होती, चुन्यात बुडवल्यासारखी. आणि ती होज! बोटाने दाबली तर बिस्किटासारखा तुकडा पडला.

आता वाईट बातमी. पुठ्ठ्यावरचं सामान परत मोजलं. इंटरकूलरच्या झाकणाच्या बोल्टांना पातळ वॉशर होत्या, सोळा हव्यात, पंधरा आहेत. आणि आठही इनटेक पोर्ट (सिलिंडरांत हवा जायची तोंडं) आ वासून वर बघतायत.

---

गंजकाका

इंजिन फिरवू नका. पुलीला हातही लावू नका. गिअरमध्ये असेल तर न्यूट्रल करा आणि चाकांना अडण लावा, म्हणजे कोणी चुकून ढकलली तरी क्रँक फिरणार नाही. वॉशर बंद व्हॉल्व्हवर बसली असेल तर ती हाताच्या अंतरावर आहे. व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमध्ये.

पोर्टमध्ये फडकी कोंबायची ती सुपरचार्जर हवेत असतानाच. नंतर नव्हे.

---

मूकवाचक_क्र१

नेहमी वाचतो, आज लिहितो. छोटा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर एकेक पोर्ट बघा. आणि वॉशर लोहचुंबकाला चिकटते का हे उरलेल्या पंधरापैकी एकीवर आधी तपासा. माझा एक अख्खा दिवस चुंबकाची कांडी फिरवण्यात गेला होता आणि वॉशर निघाली ॲल्युमिनियमची. शेवटी व्हॅक्युम क्लीनरला पातळ नळी जोडून ओढली. मात्र पेट्रोलचा वास येत असेल तर व्हॅक्युम क्लीनर नको, मोटारीत ठिणगी असते. तेव्हा लांब काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस.

---

रविवारचा_मेकॅनिक

मूकवाचक, बोललात ते बरं झालं. तपासलं, माझ्या वॉशर स्टेनलेसच्या, चुंबक विचारतही नाही.

आठही पोर्ट कॅमेऱ्याने पाहिले. काही नाही. पुन्हा पाहिले. नाही. झोप उडाली. आज घळीतला गाळ काढत होतो, तर सुक्या कूलंटच्या थराखाली काहीतरी चकाकलं. वॉशर. आणि तिच्यावर तो थर चढलेला होता, म्हणजे ती माझ्या हातून पडलेलीच नाही. आधीच्या कोणीतरी पाडली, शोधली नाही, आणि झाकण पंधरांवर लावून दिलं. मी सोळा मोजल्याच नव्हत्या, भोकं सोळा म्हणून धरल्या होत्या.

म्हणजे हा सुपरचार्जर आधी एकदा निघालेला आहे. तेव्हा ती होज तशीच ठेवली?!

---

पाना_घेऊन_उभी

आणि डॉवेल न पुसता परत बसवली. असतात असे.

बसवायच्या आधी हे बघा, पुन्हा तिथे जायची वेळ येऊ नये म्हणून:

घळीतल्या *सगळ्या* होज बदला, चांगली दिसणारीसुद्धा. क्लॅम्प नवे. एखादा सेन्सर सुपरचार्जरखाली दडलेला असेल तर तोही आत्ताच तपासा.

जुनी गॅस्केट प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी खरवडणीने काढा. ड्रिलला लावायच्या त्या घासणाऱ्या चकत्या वापरू नका, मोह होईल तरी. त्यांच्यातून सुटणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड इंजिन ऑइलमध्ये गेली की बेअरिंग खाते. शिवाय सपाटीत न दिसणारे खळगे पडतात.

स्क्रू ड्रायव्हरच्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर कड वर आली आहे. ती सपाट दगडावर तेल लावून अलगद उतरवा, खोल घासू नका.

---

जुनी_चाकं

सुपरचार्जर टेबलावर आहे तोवर पुली पकडून थोडी मागेपुढे करा. पुलीपासून गिअरपर्यंत मध्ये एक कपलिंग असतं, झिजलं की आयडलला खडखड येते. आणि पुढच्या गिअरबॉक्सचं तेल बदला. ते इंजिन ऑइलपासून वेगळं असतं आणि 'आयुष्यभर पुरेल' म्हणून कोणी बघत नाही. प्लग उघडून वास घ्या, जुन्या तेलाचा वास विसरता येत नाही. भरताना सुपरचार्जर गाडीत असतो तसा आडवा सपाट ठेवून मॅन्युअलमधल्या पातळीपर्यंतच. जास्त भरलं तर सीलमधून रोटरकडे जातं.

रोटरवर ब्रेक क्लीनर फवारू नका. बऱ्याच रोटरना लेप असतो, त्याच्यावरच ती बारीक फट सांभाळलेली असते.

---

वेगवेडा

वेगळा प्रश्न, सुपरचार्जरच्या नावातला एम९०, एम११२ वगैरे आकडा कसला? अश्वशक्ती?

---

अर्धवट_अभियंता

नाही. ईटन या सुपरचार्जर बनवणाऱ्या कंपनीच्या एम मालिकेत तो एका फेरीत किती घन इंच हवा पुढे ढकलतो त्याचा आकडा आहे. ११२ घन इंच म्हणजे सुमारे १.८ लीटर, ९० म्हणजे जवळपास दीड. 'ढकलतो' हा शब्द महत्त्वाचा. रूट्सच्या आत हवा दाबली जात नाही, नुसती इकडून तिकडे नेली जाते. दाब तयार होतो तो पुढे मॅनिफोल्डमध्ये, कारण इंजिन तेवढी पिऊ शकत नाही. म्हणूनच खालची गॅस्केट नीट बसणं इतकं गरजेचं.

धागाकर्ते, आवळताना: आटे कोरडे की तेलकट ते मॅन्युअल बघून ठरवा, मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. डॉवेलना ॲन्टी-सीझचा (धातू एकमेकांत जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात, आट्यांना नको. आट्यांना लावलंत तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

---

रविवारचा_मेकॅनिक

शेवटचा अहवाल.

होज सगळ्या नव्या. डॉवेल काढून भोकं हाताने साफ केली, नव्या डॉवेल बोटाने दाबून बसल्या. कपलिंग ठीक होतं. गिअरचं तेल मात्र काळं आणि वास, जुनी_चाकं म्हणाले तसा, अजून नाकात आहे.

बसवताना दोन मुख्य बोल्टांच्या जागी लांब स्टड तात्पुरते उभे लावले, त्यांच्यावरून सुपरचार्जर क्रेनने सरळ खाली घेतला. गॅस्केट सरकली नाही. उतरवायला दोन आठवडे लागले, बसवायला अर्धा तास.

इंटरकूलरच्या पाण्याचा पंप वेगळा विजेवर चालतो, त्याची हवा वेगळी काढावी लागते हे विसरलो होतो. टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत नुसतं इग्निशन चालू ठेवलं. मग स्टार्ट. पहिल्याच झटक्याला घेतली, पण आयडल वरखाली आणि कुठून तरी 'फुस्स'. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलात करतो ती दुरुस्ती) दोन्ही बाजूंना वर गेलेलं, म्हणजे न मोजलेली हवा आत येतेय. पोटात गोळा आला की गॅस्केट गेली. निघाली ब्रेक बूस्टरची नळी, एल्बोला लावायचीच राहिलेली. लावली. ट्रिम जागेवर.

चार दिवस झाले, कूलंटची पातळी जिथल्या तिथे. प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवला, काटा हलला नाही.

आणि तो पट्टीचा सहाचा बोल्ट परत लावायला पुन्हा पाऊण तास गेला. त्याच्या डोक्याला पिवळ्या रंगाचा ठिपका दिलाय, पुढच्या माणसाला दिसावा म्हणून.

---

गंजकाका

ठिपका बघायला त्याला आधी आरसा घालावा लागेल.

---

रविवारचा_मेकॅनिक

काका, वरून दिसणाऱ्या वायरिंगच्या गुच्छाला उद्या चिठ्ठी बांधतो.